संत पेद्रोचं ऊर्जापेय

लिंदाउराला फक्त एक पिंपभर ग्वाराना करायचा होता. म्हणजे पाणी घ्यायचं, साखर घालायची, ग्वारान्याची कांडी किसून टाकायची, ढवळायचं, आणि संत पेद्रोच्या सणाला भल्या सकाळी नदीवर निघालेल्या माणसांना पेला-पेला वाटायचं. यात शासन कुठे येत नाही, रसायनशास्त्र येत नाही, बैल तर नाहीच नाही. पण महिनाभरात हे तिघेही आले, आणि पाहुण्यांसारखे ठाण मांडून बसले.

कुयाबा शहरात सकाळ सूर्यावर ठरत नाही, ग्वारान्यावर ठरते. ग्वारान्याच्या बियांची दगडासारखी टणक तपकिरी कांडी पिरारुकू माशाच्या वाळलेल्या जिभेवर खरखर घासायची, भुकटी थंड पाण्यात ढवळायची आणि तोंड वाकडं न करता पिऊन टाकायची. तोंड वाकडं करणारा माणूस बाहेरगावचा समजावा. नदीकाठच्या त्या गल्लीत सणाचा ग्वाराना लिंदाउराच्या वडिलांकडे होता. सण संपताना संताची मूर्ती देवळात परतली की गल्लीतले सगळ्यांत जुने बेनेव्हेनुतोआजोबा पायरीवर उभे राहून पुढच्या वर्षीची कामं वाटून देत. तांदळाचा केक अमक्याकडे, मेणबत्त्या तमक्याकडे, आणि मग, "ग्वाराना जेनेरोसोचा." लिंदाउरा हे लहानपणापासून ऐकत आली होती. मार्चमध्ये जेनेरोसो गेले. जूनचा सण मागच्या वर्षीच त्यांच्या नावाने पुकारलेला होता. तो घराने नीट पार पाडला तर पुढच्या वर्षासाठी नाव पुन्हा पुकारलं जाईल, असा तिचा हिशेब होता. नाही पाडला, तर कोपऱ्यावरचा व्यायामशाळावाला रोनिल्दो टपलेलाच होता. त्याच्याकडे ऊर्जापेयाचे निळे डबे होते, डब्यावर छाती फुगवलेला जग्वार होता, आणि ते तो फुकट वाटणार होता. लिंदाउराला बापाचं नाव त्या पायरीवरून अजून एकदा ऐकायचं होतं. तिची मागणी एवढीच होती, आणि एवढीशी मागणी घेऊन ती आरोग्य कार्यालयात गेली.

कारण त्या वर्षी नवा नियम आला होता. सार्वजनिक ठिकाणी पाजायच्या प्रत्येक पेयाची नोंद हवी.

"कशावर किसणार?" खिडकीमागच्या मार्लूसियाबाईंनी विचारलं.

"जिभेवर."

मार्लूसियाबाईंनी पेन खाली ठेवलं. "कोणाच्या?"

"पिरारुकूच्या. माशाच्या."

"मासा कुठाय?"

"बाई, तो मासा माझ्या जन्माच्या आधी मेलाय."

"म्हणजे मुदत संपलेला," असं म्हणून त्यांनी काहीतरी लिहिलं.

"अहो, तुम्ही कुयाबाच्याच ना? तुमच्या घरी काय वापरता?"

"जीभच. पण घरी मी शासन नसते."

शेवटी स्टीलच्या कानशीवर तडजोड झाली. मग प्रश्न आला वर्गाचा. 'घरगुती पेय' हा वर्ग संगणकाने बंद केला होता. फळांचा रस, दुग्धपेय आणि ऊर्जापेय एवढेच पर्याय उरले होते. ग्वाराना फळच आहे, असं लिंदाउराने सुचवून पाहिलं. ती शाळेत भूगोल शिकवायची, आपल्या प्रदेशातल्या वनस्पतींवर तिचा एक धडाच होता. तो तिने खिडकीशी उभं राहून थोडक्यात म्हणून दाखवला. मागची रांग शांतपणे ऐकत होती. मार्लूसियाबाई म्हणाल्या, "फळ आहे, पण तुम्ही रस कुठे काढताय? बी वाटताय. ऊर्जापेयात बसवते. कॅफीन आहे ना?"

"भरपूर."

"झालं तर. आता टॉरिन टाका आणि ब-गटातली जीवनसत्त्वं टाका."

"कशाला?"

"रकाने आहेत. रिकामे ठेवले की संगणक पुढे जात नाही."

लिंदाउरा संतापून घरी आली. निदान आपण संतापलो आहोत अशी तिची समजूत होती. पण येताना तिने रोनिल्दोकडून एक निळा डबा मागून आणला होता, आणि जेवणाच्या टेबलाशी भिंग घेऊन ती त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचायला बसली. बी-दोन, बी-तीन, बी-पाच, बी-सहा, बी-बारा. तीन महिन्यांत तिच्याच्याने कुठल्याही पुस्तकाचं पान धड उलटलं नव्हतं. पुस्तकांची बाई, पण ओळ सुरू केली की नजर भिंतीकडे निघून जायची. डबा मात्र तिने बुडापर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला.

"यात ग्लुकुरोनोलॅक्टोन पण आहे, आत्या," ती म्हणाली.

घरातच राहणाऱ्या देओलिंदाआत्याने छातीवर क्रूस काढला. "कुठल्या देशाचा होता बिचारा?"

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. गल्लीत कुणाच्या घरी काही शिजतंय म्हटल्यावर चमचा घेऊन येणारी माणसं असतात, तशी चमचा न घेता नुसतं मत घेऊन येणारीही असतात. कुणी म्हणालं, जिनसेंग टाक. कुणी म्हणालं, जिनसेंग परदेशी, आपली रानातली साल काय वाईट आहे? समोरच्या घरातल्या बाईंनी साखरेऐवजी मध सुचवला, आणि मध नको असेल तर निदान थोडी लवंग. सगळ्यांत अधिकारवाणीने बोलले ते ओदिलोनकाका. त्यांनी उमेदीची वर्षं लांबच्या रस्त्यांवर ट्रक हाकला होता आणि ऊर्जापेयाच्या बाबतीत गल्लीत त्यांच्याएवढा अनुभव कुणाच्याच पोटात गेला नव्हता.

"सगळा खेळ टॉरिनचा," ते म्हणाले. "टॉरिन म्हणजे बैल. बैलातून काढतात."

"बैलाच्या कशातून?" आत्याने विचारलं.

"आत्याबाई, ते तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही."

"ओदिलोन, मी सात बाळंतपणं केलीयेत. सांग."

ओदिलोनकाकांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली, आणि सांगितलं.

"सण शुक्रवारी आहे," आत्या म्हणाली. "शुक्रवारी मी मांसाला शिवत नाही. आणि ते तर मी कुठल्याच वारी शिवणार नाही."

आत्या नाही म्हणाली की देवळातल्या पुढच्या दोन रांगा नाही म्हणतात. लिंदाउराने ओदिलोनकाकांना बरोबर घेतलं आणि औषधं घटक मोजून बनवून देणाऱ्या दुकानात गेली. तिथले यूरिपीदेस मृदू स्वभावाचे होते, आणि आपल्या विषयात कुणीतरी एवढा रस घेतंय याने हरखून गेले होते. त्यांनी पांढरी पूड काचेवर ओतून दाखवली. "कारखान्यात बनतं, बाई. बैलाच्या पित्तात पहिल्यांदा सापडलं म्हणून नाव तसं. आता बैलाला याचा पत्ताही नसतो."

"म्हणजे इतकी वर्षं मी जे प्यायलो त्यात बैल नव्हता?" ओदिलोनकाकांनी विचारलं.

"एक थेंबही नाही."

काका परतताना कोपऱ्यावर आल्यावर एवढंच म्हणाले, "घाट चढताना मला तर तो आतून ढकलत असल्यासारखा वाटायचा."

मग लिंदाउराच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. ती शाळेतून आली की पिशवी टाकायची आणि वाट्या मांडायची. बी-एकचं नाव डब्यावर नव्हतं, पण यूरिपीदेसनी उत्साहाने तेही दिलं होतं. त्याची बाटली उघडल्यावर आत्याने खालच्या कपाटात मेलेला उंदीर शोधायला सुरुवात केली. बी-दोन जिथे सांडलं तिथे हळद सांडल्यासारखं झालं. टेबलक्लॉथ, लिंदाउराच्या दोन्ही तळव्यांच्या रेषा आणि मांजराची एक बाजू पिवळी झाली. बी-बारा चिमूटभर टाकलं की पाणी गुलाबी. बी-सहा कडवट, आणि ग्वाराना मुळातच कडू, त्यामुळे दोघांत कोण जिंकतंय ते कळायला पुन्हा पुन्हा चव घ्यावी लागे, आणि प्रत्येक चवीत कॅफीन होतंच. लिंदाउरा त्या आठवड्यात भराभर बोलायला लागली. वर्गात तिने अर्ध्या तासात सबंध अँडीज पर्वत संपवला आणि उरलेल्या वेळात मुलांना जीवनसत्त्वं शिकवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते तिला कळलं नाही, पण तिने मान तुकवली.

पहिला पूर्ण पेला ओदिलोनकाकांना मिळाला. बी-तीन तेवढं दुकानात संपलेलं होतं, ते मागाहून येणार होतं. काकांनी पेला संपवला, ओठ पुसले, म्हणाले, "बैल नाही, पण काहीतरी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकाशी उभे. टोपी हातात.

"लिंदाउरा, माझं झालं."

"काय झालं, काका?"

"आत्याबाई घरात आहेत?"

"आहेत."

"मग बाहेर ये." ती बाहेर आली. काका आंब्याच्या झाडाकडे पाहत म्हणाले, "काजव्यासारखं."

"काय काजव्यासारखं?"

"सकाळी उठल्यावर माणूस जे पहिलं काम करतो ते. पिवळंधमक. चमकतंय, पोरी. दिवा न लावता दिसेल असं. माझ्या लिव्हरने राजीनामा दिलेला आहे."

लिंदाउराच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. मग ती म्हणाली, "काका, ते बी-दोन. शरीराला लागतं तेवढं घेतं, बाकीचं सोडून देतं. असंच दिसतं ते," आणि हसायला लागली. फाटकाला धरून, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आतून आत्याने विचारलं, "कोण आलंय गं? कोण हसतंय?" आणि कुणीच उत्तर दिलं नाही तेव्हा ती स्वतः दारात येऊन उभी राहिली. बघत राहिली.

पण काका फाटकाशी येण्याआधी इतर बऱ्याच ठिकाणी जाऊन आले होते. दवाखान्यात सांगून झालं होतं. लेकीला फोन करून ट्रकचा जुना भोंगा कुणी घ्यायचा ते ठरवून झालं होतं. शिवाय व्यायामशाळेसमोर थांबून ते रोनिल्दोला भेटले होते. दुपारपर्यंत गल्लीभर झालं की मास्तरीणबाईंच्या पेयाने माणूस पिवळा पडतो.

"मी काही तुमच्या विरोधात नाही, प्रोफेसोरा," रोनिल्दो समजूतदारपणे म्हणाला. दंड आवळून उभं राहिल्याशिवाय त्याला समजूतदार होता येत नसे. "जेनेरोसोकाका मोठा माणूस होता. पण हे काम तयार मालाचं आहे. डबा उघडा, प्या, फेका."

"माझ्या वडिलांनी पेला फेकलेला तू कधी पाहिलास?"

"म्हणून तर म्हणतो, त्यांची गोष्ट वेगळी होती."

ते खरंच होतं, म्हणून ती घराकडे वळली. संध्याकाळी मार्लूसियाबाईंचा फोन आला. तक्रार आली आहे. त्या सणाला जातीने येणार, पहिला पेला त्या पिणार, आणि तिथल्या तिथे ठरवणार.

सणाच्या आदल्या दुपारी यूरिपीदेसनी बी-तीन आणून दिलं. "नेहमीचं नाही मिळालं," ते म्हणाले. "हे निकोटिनिक आम्ल. पण तेही बी-तीनच. नेहमीच्याचा सख्खा भाऊ समजा."

सख्खे भाऊ एकमेकांच्या जागी चालत नाहीत हे लिंदाउराला कुणी सांगायला नको होतं. तिचा स्वतःचा भाऊ साओ पाउलोला होता आणि मार्चपासून त्याने एकदा फोन केला होता, तोही घराच्या कागदांबद्दल. पण रकाना रिकामा होता आणि सण उद्यावर आला होता. तिने भाऊ पिंपात ओतला. भरपूर ओतला.

आणि सकाळी थंडी पडली. कुयाबात वर्षाचा बहुतेक काळ माणसं सावली शोधत फिरतात. पण जूनमध्ये एखाद्या दिवशी दक्षिणेकडून गार वारा सुटतो आणि सगळं शहर घोंगडीत शिरतं. इतर ठिकाणची माणसं ज्या गारव्याला आल्हाददायक म्हणतील त्यात कुयाबाचा माणूस मृत्युपत्राचा विचार करतो. देवळासमोर जेमतेम निम्मी गल्ली होती, तीही कानटोप्यांत. बेनेव्हेनुतोआजोबा दोन शाली आणि एक सतरंजी पांघरून आले होते. त्यांची दोन तारा सैल झालेली लाकडी व्हियोला तेवढी बाहेर दिसत होती. संताला होडीत बसवून नदीत न्यायचं की यंदा देवळातच फिरवायचं, अशी कुजबुज चालू होती.

मार्लूसियाबाईंनी पहिला पेला घेतला. सगळ्यांनी बघितलं.

"कडू आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"तसाच पाहिजे."

मग सगळे प्यायले. रोनिल्दोही प्यायला. दोष काढायचा तर चव घ्यायला हवी, आणि थंडी असूनही तो बिनबाह्यांच्या बनियनमध्ये होता, तेव्हा काहीतरी पोटात जाणं आवश्यकच होतं. ढोल वाजला, मूर्ती उचलली, मिरवणूक कुडकुडत नदीकडे निघाली.

पहिल्यांदा रोनिल्दोचे कान लाल झाले. मग मान, मग ते प्रसिद्ध दंड. तो खाजवायला लागला. त्यानंतर आजोबा कडव्याच्या मध्येच थांबले, सतरंजी खाली टाकली आणि म्हणाले, "ऊन आलं का रे?" ऊन आलं नव्हतं. ओदिलोनकाकांचं टक्कल भाजलेल्या बिटासारखं दिसत होतं. आत्याचे गाल तिच्या लग्नातल्या फोटोत होते तसे झाले. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होती, मग स्वतःच्या गालाला हात लावून बघत होती. सबंध मिरवणूक, संत पेद्रो सोडून, टोमॅटोच्या रंगाची झाली होती.

लिंदाउराला आपल्याच कानशिलांतून वाफ निघाल्यासारखं वाटलं. तिने यूरिपीदेसना फोन लावला.

"लाल झाले का?" ते झोपेतच म्हणाले. "होतात हो. तो भाऊ जरा तापट आहे. मी सांगितलं नाही का?"

"नाही."

"काळजी नको. अर्धा-पाऊण तास राहतं, मग उतरतं. रिकाम्या पोटी जरा जास्त."

"सगळे रिकाम्या पोटीच आहेत. सणाची सकाळ आहे."

"मग देवाचं नाव घ्या, बाई."

"तेच चाललंय."

इकडे रोनिल्दो मोठमोठ्याने विषबाधा हा शब्द वापरत होता आणि रुग्णवाहिकेला फोन लावत होता, पण बोटं खाजवण्यात गुंतल्यामुळे नंबर चुकत होता. कुणी म्हणत होतं संताची कृपा, कुणी म्हणत होतं शाप. दोन्ही पक्ष बरोबरीत होते. गप्प राहिली असती तर कदाचित कृपा जिंकली असती. पण मुलांना आयुष्यभर खरं सांगत आलेल्या माणसाची ही खोडच होऊन बसते. लिंदाउरा काठावरच्या पालथ्या होडीवर चढली. तिचा चेहरा सगळ्यांत लाल होता.

"कृपा नाही आणि विषही नाही," ती म्हणाली. "बी-तीन आहे. मी घातलं. अर्ज पुढे सरकावा म्हणून ही सगळी जीवनसत्त्वं घालावी लागली, त्यातलं हे एक चुकीच्या जातीचं निघालं. रक्त कातडीजवळ येतं म्हणून गरम वाटतं आणि खाज सुटते. अर्ध्या तासात जाईल. चूक माझी आहे. माझ्या वडिलांनी असलं काही कधी घातलं नसतं." शेवटचं वाक्य बोलायचं तिच्या मनात नव्हतं.

नदीवरून वारा आला, आणि एकालाही कापरं भरलं नाही.

बेनेव्हेनुतोआजोबांनी दुसरी शालही काढली. "अर्ध्या तासात उतरतं म्हणतेस?"

"हो, आजोबा."

"आणि होडीने जाऊन यायला तास लागतो." त्यांनी पेला पुढे केला. "तर मग अजून एक दे."

त्यानंतर पिंपाभोवती रांग लागली. संत पेद्रो नदीत गेले. नुसते गेले नाहीत, मागून सात-आठ होड्या गेल्या. घोंगड्या काठावर ढीग करून टाकल्या होत्या. घरात दडलेली उरलेली गल्ली आवाज ऐकून बाहेर आली, लाल माणसं पाहून घाबरली, आणि पेला घेऊन स्वतः लाल झाली. आजोबांचा आवाज असा लागला की पलीकडच्या काठावरचे कोळी जाळी सोडून ऐकत उभे राहिले. ओदिलोनकाका ढोलावर होते. आत्या शुक्रवार विसरून नाचत होती. नाचायला शुक्रवार आड येत नाही, असं ती नंतर म्हणाली. रोनिल्दोला रुग्णवाहिका मिळाली नाही. त्याला एका बाजूने खाज आणि दुसऱ्या बाजूने वल्हं मिळालं.

मार्लूसियाबाई पिंपाच्या चकचकीत झाकणात आपला चेहरा निरखत होत्या.

"ही लाली कुठल्या रकान्यात लिहू?" त्यांनी विचारलं.

"आहे का रकाना?"

त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "नाही."

"मग?"

"मग झालीच नाही," म्हणून त्यांनी शिक्का मारला.

ऊन वर आलं तेव्हा सगळे पुन्हा आपापल्या रंगावर आले होते. संत देवळात परतले. आजोबा पायरीवर चढले. पुकारा झाला की ज्याचं त्याने गर्दीतून ओ द्यायची अशी रीत, आणि ओ मिळेपर्यंत आजोबा पुढे जात नसत. तांदळाचा केक समोरच्या घरातल्या बाईंकडे. ओ आली. मेणबत्त्या. ओ आली. होड्यांची व्यवस्था, आजोबांनी जरा थांबून म्हटलं, रोनिल्दोची. रोनिल्दोची ओ जरा उशिराने आणि दंड न आवळता आली.

लिंदाउराने आत्याचा हात धरला होता. तिने केलं ते एवढ्याचसाठी होतं. ओ कुणी द्यायची हे काही तिने ठरवलं नव्हतं, पण नाव तर पुकारलं जाईल.

"ग्वाराना," आजोबा म्हणाले, "लिंदाउराचा."

कुणी ओ दिली नाही. आजोबा थांबले. सगळी गल्ली थांबली. ढोलाच्या कातड्यावर ओदिलोनकाकांची बोटं नुसती टेकलेली होती. लिंदाउराही इतरांसारखीच कुठून आवाज येतो त्याची वाट बघत होती. वडिलांच्या आवाजाला जरा खरखर होती, आणि तो नेहमी मागच्या बाजूने, देवळासमोरच्या आंब्याखालून यायचा.

"अगं," आत्या हळूच म्हणाली, "तुला बोलावतायत."

"ओ," लिंदाउरा म्हणाली. पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही, म्हणून तिने घसा साफ केला आणि मोठ्याने पुन्हा म्हटलं.